बदली कोल्हापूरला झाली, घर कुठल्या अंगाला बघायचं?

मे-जून आले की या सदराच्या टपालात बदलीवाल्यांची पत्रं वाढतात. शाळा उघडायच्या आत घर लावायचं असतं आणि पाऊस तोंडावर असतो. यंदाची सहा पत्रं एकाच विषयावरची आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला.

प्रश्न : नाशिकहून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बदली झाली आहे. पत्नी शिक्षिका आहे, ती कोल्हापुरात नोकरी शोधणार. मुलगा तिसरीत, मुलगी बालवाडीत. एक मित्र म्हणतो कागलमध्येच राहा, दुसरा म्हणतो रंकाळ्याजवळ घे, हवा छान आहे. काय करू?

रंकाळ्याची हवा छान आहे यात वाद नाही. पण रंकाळा, फुलेवाडी, आपटेनगर हा शहराचा पश्चिम कडा आणि तुमचा पुणे-बेंगळुरू हायवे शहराच्या पूर्वेला. म्हणजे रोज सकाळी शाळेच्या रिक्षांच्या गर्दीतून अख्खं शहर ओलांडायचं, मग हायवे लागणार आणि तिथून पुढे कागल. नकाशावर सहा-सात किलोमीटर जास्त दिसतात, अंगावर ते रोजचे दोन वेळचे अर्धे अर्धे तास येतात.

इथल्या औद्योगिक वसाहती दोन दिशांना आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. शिरोली पुण्याच्या अंगाला, नदीपलीकडे. गोकुळ शिरगाव आणि कागल बेंगळुरूच्या अंगाला. कागलवाल्यानं शहराची पूर्व आणि दक्षिण बाजू बघायची : राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, टाकाळा, सागरमाळ, प्रतिभानगर, राजेंद्रनगर, टेंबलाईवाडी आणि हद्दीबाहेर सरनोबतवाडी, उजळाईवाडी, उचगाव. आर. के. नगर, मोरेवाडीकडूनही शेंडा पार्क-विद्यापीठाच्या रस्त्यानं शाहू नाक्यावरून हायवेला निघता येतं, शहरात शिरावं लागत नाही.

घर बघायच्या आधी कंपनीतून बसच्या थांब्यांची यादी मागवा, प्रत्येक थांब्यावरच्या वेळेसकट. पहिल्या पाळीची सकाळची वेळ सगळेच विचारतात. तुम्ही दुसऱ्या पाळीची परतीची वेळ विचारा. रात्री अकराच्या पुढे बस तुम्हाला आतल्या चौकात सोडणार, की हायवेवर उचगाव पुलाखाली उतरवून पुढे जाणार? पुलाखाली उतरवत असेल तर तिथून घरापर्यंतचे दोन किलोमीटर जुलैच्या पावसात कसे कापायचे, गाडी दिवसभर कुठं लावायची, हे घर ठरवतानाच सुटलं पाहिजे. थांब्यापासून पायी दहा मिनिटांत पोचणारं साधं घर लांबच्या देखण्या घरापेक्षा बरं. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही धरून चालू नका. तुमची सुट्टी एका वारी आणि मुलांची दुसऱ्या, असं झालं तर शाळा घराजवळ असण्याला आणखीच किंमत येते.

कागलमध्ये राहिलात तर कामावर लवकर पोचाल आणि भाडंही कमी पडेल. पण पत्नीची नोकरी शहरात लागली की दुसऱ्या दिशेचा प्रवास त्यांच्या आणि मुलांच्या वाट्याला येईल. नोकरी ठरलेली नसताना मधली जागा धरावी. आमचं मत राजारामपुरी-सागरमाळ-प्रतिभानगर या पट्ट्याला आहे. केएमटी म्हणजे शहर बस आहे, बाजार पायी आहे, स्टेशन जवळ आहे, जमीन उंच आहे. एकच सांगतो, शाहूपुरीकडून येताना रेल्वेच्या परीख पुलाखाली जोराच्या सरीत पाणी तुंबतं. तेव्हा दुचाकी त्यात घालू नका, कावळा नाक्याकडून वळसा घ्या.

फ्लॅट पसंत पडला की एखाद्या कामाच्या दिवशी त्याच दारातून, पाळीच्याच वेळेला निघून कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन बघा. रविवारी दुपारी मोजलेलं अंतर कामाचं नाही. मुलासाठी शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि त्याचा विद्यार्थी क्रमांक नाशिकच्या शाळेतून निघतानाच घ्या. मागाहून मागवायला फार वेळ जातो.

प्रश्न : नागाळा पार्कात तळमजल्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं मिळतोय. समोर झाडी, शांत गल्ली, भाडंही बेताचं. एजंट म्हणतो, "इथं पाणी येत नाही, फक्त २०१९ ला आलं होतं." घ्यावा का?

"फक्त २०१९ ला" हे वाक्य कोल्हापुरात अपुरं असतं. पुढचा प्रश्न लगेच टाकायचा : मग २०२१ ला? दोन्ही वर्षी शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पातळीनं ५५ फूट ओलांडले होते. इथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी चहाबरोबर हाच आकडा बघतो. तुम्हालाही सवय लागेल.

नागाळा पार्क सगळा सारखा नाही. वरच्या अंगाला पाणी शिवत नाही, खालच्या अंगाला, रमणमळ्याकडे उतरत गेलं की घरात येतं. त्यामुळे "नागाळा पार्कात पाणी येतं का" असं विचारून उपयोग नाही, या दारात कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते विचारायचं. आणि तेही मालकाला नाही. समोरचा किराणावाला, इस्त्रीवाला, शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन, ही माणसं हात लावून दाखवतात, "हितपत्तूर."

तुम्हीही डोळे उघडे ठेवून बघा. दर्शनी भिंतीवर नवा रंग असतो, त्यावर काही कळत नाही. पाण्याच्या टाकीच्या मागं, जिन्याखाली, कंपाउंडच्या आतल्या अंगाला जिथं रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही तिथं गाळाची आडवी मातकट रेघ राहते. विजेचे मीटर बघा. जुना मीटरबोर्ड कमरेला असायचा, तो उचलून डोक्याच्या वर नेलेला दिसला तर का नेला ते उघड आहे. लाकडी चौकटींचे खालचे पाय फुगलेले असतात. भिंतीला ठरावीक उंचीपर्यंत लोणा फुटून गिलावा सुटतो आणि त्याच्या वर भिंत ठणठणीत असते. स्वयंपाकघरात ओट्याखाली लाकडी ट्रॉल्या नसून नुसते कडाप्प्याचे कप्पे असतील तर तो शहाण्या मालकाचा अनुभव समजा.

बाहेरून आलेली माणसं घर नदीपासून किती लांब आहे ते मोजतात. इथं पाणी निम्म्या भागात नाल्यातून येतं. शहरातून वाहणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं फिरतं आणि शहरात पसरतं. म्हणून नदी डोळ्याला दिसतही नाही अशा व्हीनस कॉर्नरला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीला पाणी लागतं, आणि नदीच्या बऱ्याच जवळची पण उंचवट्यावरची घरं कोरडी राहतात. तळमजल्याला आणखी एक खोड आहे. रस्त्यावर पाणी दिसायच्या आधी ड्रेनेजचे चेंबर भरतात आणि संडास-मोरीतून घाण पाणी बुडबुडे काढत वर येतं. अशा वेळी मोरीच्या जाळीवर वाळूचं पोतं दाबून ठेवतात, पण तो तात्पुरता उपाय.

तेव्हा हा तळमजला घेऊ नका. त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर मिळालं तर जरूर विचार करा, पण दोन गोष्टी धरून. पाणी बिल्डिंगभोवती आलं की वीज बंद करतात, लिफ्ट थांबते, जमिनीखालची पाण्याची टाकी गढूळ होते आणि पंप बुडतो. सामान वाचतं, पण राहता येतंच असं नाही. चार-पाच दिवस दुसरीकडे जायची सोय हवी. दुसरी गोष्ट गाडीची. पार्किंग तळघरात असेल तर पातळी ३९ ला टेकली की गाडी उंचावर नेऊन लावायची, ४३ ची वाट बघायची नाही. आणि गाडी बुडालीच तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

पातळी का वाढते तेही समजून घ्या, म्हणजे अफवांनी घाबरणार नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि पाणी भोगावतीतून खाली यायला काही तास जातात. कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी त्यात मिळतं. खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही. म्हणून शहरात पाऊस थांबून ऊन पडलं तरी पाणी दोन-दोन दिवस तसूभर हलत नाही.

पुढं विकत घ्यायचा विचार झाला तर पूररेषा बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दोन्हींच्या मध्ये अटी असतात. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन नगररचना विभागाकडून झोन दाखला मागायचा, त्यावर कळतं.

प्रश्न : मी साताऱ्याची. वकिली सुरू करून तीन वर्षं झाली. सर्किट बेंचला प्रॅक्टिस करायची आहे. एकटी राहणार, गाडी नाही. कुठं बघू?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं, आणि आसपासची भाडी तेव्हापासूनच चढली. जिल्हा न्यायालय मात्र कसबा बावड्याच्या रस्त्याला आहे. खालच्या कोर्टातही कामं घेणार असाल तर ही दोन टोकं लक्षात ठेवा.

गाडी नाही म्हणता, तर पायी अंतर धरा : लक्ष्मीपुरी, बिंदू चौक, आझाद चौक, शाहूपुरीचा वरचा भाग. इथं जुन्या घरांत वरच्या मजल्यावरच्या एक-दोन खोल्या मिळतात, घरमालकीण बहुतेक खालीच राहते. रात्री उशिरा येण्याबद्दल, पाहुण्यांबद्दल तिचे नियम पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. कोर्टाचं काम आहे, कधी आठ-नऊ वाजतात, हे आपण होऊन सांगा. मागाहूनच्या धुसफुशीपेक्षा ते बरं. दसरा चौक ते व्हीनस कॉर्नर या पट्ट्यात मात्र वरच्या उत्तरातली पाण्याची चौकशी केल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

महाद्वार रोड, भवानी मंडपाच्या जवळची खोली स्वस्तात मिळाली तर नवरात्रातले नऊ दिवस आणि सगळे शनिवार-रविवार डोळ्यांसमोर आणा. अंबाबाईच्या दर्शनाची रांग तुमच्या जिन्यापर्यंत येईल, रिक्षा दारात येणार नाही. गणपतीत पेठांमधली तालीम मंडळं जागी असतात, तेव्हा अभ्यासाला कोर्टाची लायब्ररीच बरी. याउलट पेठेतलं राहणं एकट्या बाईला सुरक्षित वाटतं, कारण गल्लीत कोण आलं कोण गेलं यावर सगळ्यांचा डोळा असतो. त्याचा जाचही तेवढाच होतो म्हणा.

डबा, पीजी आणि मुलींची वसतिगृहं राजारामपुरीत आणि विद्यापीठाकडे राजेंद्रनगरात जास्त. तिथून केएमटीनं यावं लागेल. पहिले दोन महिने तिथं काढून मग कोर्टाजवळ खोली शोधली तरी चालेल.

प्रश्न : मोरेवाडी-पाचगावच्या बाजूला रो-हाऊस भाड्यानं मिळतंय. शहरातल्या फ्लॅटच्या भाड्यात अख्खं घर. सोबत आई-वडील आहेत. काही धोका?

पुराचा नाही. हा भाग उंच आहे, आणि उंच असल्यामुळेच पाण्याची ओढ आहे. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव ही गावं शहराला लागून असली तरी महापालिकेच्या हद्दीत नाहीत, ग्रामपंचायती आहेत. नळाचं पाणी गावाच्या किंवा प्रादेशिक योजनेचं येतं, रोज येईलच असं नाही, आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात.

हिशोब असा करा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. तुम्ही सहा जण असाल तर ८१० लिटर. पाणी एक दिवसाआड येत असेल तर १,६२० लिटर साठवण लागते, आणि एखादी पाळी चुकली तर आणखी एवढंच. गच्चीवर नुसती हजाराची टाकी असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी नळ कोरडा पडणार. जमिनीखाली टाकी आहे का, किती लिटरची, पंप कुणाचा, वीजबिल कुणाच्या मीटरवर, हे सगळं विचारा. बोअर असेल तर एप्रिल-मे मध्ये किती वेळ चालते ते शेजाऱ्याला विचारा. जुलैत सगळ्याच बोअर चालतात.

बोअरचं पाणी जड असतं. न्हाणीघरातल्या नळाची तोटी आणि बादलीचा काठ बघा. पांढरा खरखरीत थर असेल तर गीझरची कॉइल त्यात लवकर जाते आणि डाळ शिजायला कुकरच्या शिट्ट्या वाढतात. पिण्याला नळाचं, वापरायला बोअरचं, अशी दोन वेगळी लाइन असलेलं घर सापडलं तर ते घ्या.

आई-वडिलांच्या दृष्टीनं दोन गोष्टी. रात्री साडेआठनंतर रिक्षा मिळते का, आणि शेवटची केएमटी कितीला, हे त्या थांब्यावर उभं राहूनच विचारा. मोठी इस्पितळं शहरात आहेत, दारापासून तिथपर्यंत रात्री एकदा गाडीनं जाऊन वेळ मोजा. रो-हाऊसचा जिना अरुंद आणि चढा असतो, झोपायची खोली वर असते. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर खाली एक खोली आणि कमोड असलेलं घर हवं.

कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे, गटार हे ग्रामपंचायतीच्या ताकदीवर असतं, गल्लीगणिक फरक पडतो. भाड्यानं राहताना एवढं बघितलं की पुरे. विकत घेणार असाल तर बांधकाम परवाना कुणी दिला ते बघा. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे. त्यानंतरच्या घराला निव्वळ ग्रामपंचायतीचा दाखला दाखवत असतील तर बँकेच्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत रुजू होतोय. शहरात राहू की शिरोलीत?

शहर आणि शिरोली यांच्यामध्ये पंचगंगेचा पूल आहे. २०१९ आणि २०२१ ला हायवेवर शिरोलीजवळ पाणी आलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा जो ज्या काठाला होता तिथंच राहिला. पण तेवढ्यासाठी बारा महिने गैरसोय सोसायची गरज नाही. लग्न झालेलं असेल, मुलं असतील तर कावळा नाका, रुईकर कॉलनी, सदर बाजार या बाजूला बघा, तावडे हॉटेलवरून सरळ हायवे. एकटे असाल आणि पाळ्या फिरत्या असतील तर शिरोली, नागाव, हालोंडीत खोली घ्या. वसाहतीला अगदी चिकटून मात्र नको, भट्टीची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. कसबा बावडा नकाशावर जवळ दिसतो, पण बावडा-शिये रस्ता पुरात लवकर पाण्याखाली जातो. गळीत हंगामात त्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांची रांगही लागते.

प्रश्न : घरमालक म्हणतात, "अकरा महिन्यांचं नोटरी करू, रजिस्टर कशाला, खर्च वाढतो." ऐकावं का?

ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास शिक्षाही त्यालाच. आणि नोंदणी नसताना वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, हे मालकाला गोड शब्दांत सांगा, बहुतेक वेळा तिथंच प्रश्न मिटतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्का. भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, व्याज सुमारे ४,५८३, बेरीज १,३६,५८३. त्याचा पाव टक्का म्हणजे साडेतीनशेच्या आत-बाहेर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. काम ऑनलाइन होतं, दोघांचे अंगठे आणि दोन साक्षीदार लागतात. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याची फी वेगळी, ती आधी ठरवा. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला मालकानं द्यायची असते, तिची पोच तुम्हीही मागून ठेवा.

करारात तीन ओळी आवर्जून घाला. डिपॉझिट घर सोडल्यापासून किती दिवसांत परत, रंगाचा खर्च कुणाचा, आणि खालच्या भागातलं घर असेल तर पुराच्या पाण्यानं राहण्याजोगं न राहिल्यास त्या दिवसांचं भाडं माफ की नाही. चावी घेताना मीटरच्या आकड्याचा, नळांचा आणि भिंतींचा मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच क्षणी मालकाला पाठवा. मागच्या भाडेकरूचं वीजबिल थकलेलं नाही ना, हे बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर दोन मिनिटांत दिसतं, ते डिपॉझिट देण्याच्या आधी बघा.